पप्पा, तुम्ही काकांचं नाव घेत नाही

माझी बायको नर्स आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस तिची नाइट असते. संध्याकाळी सातला ती डबा घेऊन निघते आणि मुलांची रात्र माझ्या वाट्याला येते. जेवण, उद्याचं दप्तर, दात घासणं आणि शेवटी प्रार्थना. पहिल्या तीन गोष्टी मला जमायच्या. प्रार्थना मी कितीतरी वर्षं बायकोवर टाकून मोकळा झालो होतो. देवावर विश्वास नव्हता असं अजिबात नाही, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मी सहसा चुकवत नाही. पण मुलांच्या पुढ्यात बसून मोठ्याने देवाशी बोलायचं म्हटलं की जीभ जड व्हायची. पीथमपूरहून कंपनीच्या बसने इंदूरला घरी पोचेपर्यंत अंगात त्राण नसायचं, तेही एक कारण होतंच. ती घरी नसली की मी मुलांच्या कपाळावर क्रूसाची खूण करायचो आणि दिवा मालवायचो.

एका रात्री लेक उठली, कपाटातून स्वतःच्या बाप्तिस्म्याची मेणबत्ती काढून आणली आणि माझ्यासमोर धरली. तेव्हा ती सहा वर्षांची होती. म्हणाली, "मम्मी नसली म्हणून देव पण ड्युटीवर जातो का?"

त्या मेणबत्तीबद्दल सांगायला हवं. बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चमधल्या मोठ्या ईस्टरच्या मेणबत्तीवरून ही लहान मेणबत्ती पेटवून देतात आणि सांगतात, हा उजेड तेवत ठेवायची जबाबदारी आता तुमची. त्याआधी फादर आईबापांना स्पष्ट विचारतात की या बाळाला विश्वासात वाढवायचं म्हणजे काय, हे तुम्हाला कळलंय ना? मी बाळाचं टोपडं सावरत घाईघाईने "हो" म्हटलं होतं. त्या "हो"चा अर्थ मला सहा वर्षांनी, रात्री साडेनऊला, एका अर्धवट जळलेल्या मेणबत्तीपुढे कळला.

तेव्हापासून आमचं ठरलंय. गादीवर तिघं बसतो (बायको असेल तेव्हा चौघं), मधे स्टीलच्या वाटीत मेणबत्ती. एक आड एक दिवस, एकदा लेकीची, एकदा धाकट्याची. आधी क्रूसाची खूण. धाकटा अजूनही उजवा खांदा आधी धरतो, मी त्याचा हात हळूच डावीकडे नेतो. मग स्वर्गीय पित्याची प्रार्थना, मग नमो मरिया, मग नावं. नावं म्हणजे ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची ती माणसं. प्रत्येकाने आपापली घ्यायची, कितीही घेतली तरी चालतात. धाकट्याच्या यादीत कचरागाडीवाले अंकल रोज असतात, कारण सकाळी गाडीचं गाणं वाजलं की पिशवी घेऊन खाली धावणारा तोच.

इथे भाषेची एक गंमत होते. आम्ही मूळ श्रीरामपूर तालुक्यातले. माझे आजोबा मिशनमध्ये मास्तर होते. गावोगाव सायकलने जाऊन मुलांना प्रार्थना शिकवायचे, भजनात मृदंग वाजवायचे. आमच्याकडे सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते. आधीच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ प्रार्थनांच्या मालिकेला, आई आम्हाला घेऊन जायची, आणि मराठीतली भजनं कानात घेऊनच आम्ही परत यायचो. म्हणजे माझा देव मराठी बोलतो. पण इंदूरमध्ये मिस्सा हिंदीत किंवा इंग्रजीत. लेक चर्चमधून "प्रणाम मरिया, कृपापूर्ण" शिकून येते आणि घरी आम्ही "नमो मरिया" म्हणतो. कम्युनियनला, म्हणजे मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीला, मी ख्रिस्तप्रसाद म्हणतो, ती परमप्रसाद म्हणते. सुरुवातीला मी तिला दुरुस्त करायचो. बायको म्हणाली, "तुझ्या आजोबांनाही कुणीतरी लॅटिनमधली मिस्सा शिकवली होतीच ना?" खरंच होतं ते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960च्या दशकात, मिस्सा लोकांच्या भाषेत आली. आजोबांनी निम्मं आयुष्य जे शब्द म्हटले ते त्यांच्या बोलीतले नव्हते, आणि तरी ते मनापासून म्हणत. मग मी दुरुस्त करणं सोडून दिलं. आता एकाच गादीवर एकच प्रार्थना दोन भाषांत चालते, आणि आमेन सगळ्यांचं एकत्र येतं.

2025मध्ये लेक पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला बसली. तिसरीत होती. दर रविवारी मिस्सेनंतर तासभर सिस्टर शिकवायच्या. धाकट्याला याचा फार राग. ताईला मिळणार आणि मला नाही! मी त्याला सांगितलं की पूर्वी तर ताईलाही अजून काही वर्षं थांबावं लागलं असतं. मुलं दहा-बारा वर्षांची, कुठेकुठे त्याहूनही मोठी होईपर्यंत कम्युनियन देत नसत. 1910 साली पोप दहावे पायस यांनी सांगितलं की साधारण सातव्या वर्षी मुलाला समज येते, साधी भाकर आणि ही भाकर यातला फरक त्याला कळला की पुरे. धाकटा म्हणाला, "मला आत्ताच कळतो." मला त्याच्याशी वाद घालता आला नाही.

लहान मुलांना घेऊन मिस्सेला बसणं हा एक वेगळाच विषय आहे. आम्ही बरीच वर्षं मागच्या बाकावर बसायचो, मूल रडलं तर बाहेर पटकन निघता यावं म्हणून. पण मागून मुलाला दिसतं काय? लोकांच्या पाठी आणि ओढण्या. मूल कंटाळतं, मग रडतं. बायकोच्या बरोबर काम करणाऱ्या एका वयस्कर सिस्टरने सांगितलं, पुढे बसा. आम्ही भीत भीत लाल चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसायला लागलो. धाकट्याला वेदी दिसली, फादरांचे हात दिसले, घंटी कुणाच्या हातात आहे ते दिसलं. घंटी वाजायच्या आधी तो आता माझा हात दाबतो. अधूनमधून झोपतोही. झोपू देतो. कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं नसतं, त्यामुळे लेक तयारी म्हणून त्या वर्षी मिस्सेआधीचं बिस्किटही बंद करून बसली होती. मग बाहेर आल्यावर पोहे-जलेबी. इंदूरमध्ये रविवारची सकाळ त्याशिवाय संपत नाही, आणि माझ्या मुलांच्या मनात येशू आणि जिरावन मसाला घातलेले पोहे हे जोडलेले आहेत. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

त्याच फेब्रुवारीत आम्ही उदयनगरला गेलो.

इंदूरच्या कॅथलिक माणसाला उदयनगर सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडं. देवास जिल्ह्यातलं हे गाव. सिस्टर राणी मारिया तिथे काम करायच्या. मूळच्या केरळमधल्या पुल्लुवळीच्या, फ्रान्सिस्कन क्लारिस्ट या धर्मभगिनींच्या संघाच्या. आदिवासी, भूमिहीन माणसं सावकाराच्या कर्जात अडकलेली असायची. सिस्टर त्यांना सरकारी योजना समजावून सांगायच्या, बँकेचं कर्ज मिळवून द्यायच्या, सावकाराच्या दारातून बाहेर काढायच्या. ज्यांची दुकानदारी त्यामुळे बसली त्यांनी समुंदर सिंह नावाच्या तरुणाला चिथावलं. 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, नाचनबोरच्या घाटात, त्याने प्रवाशांसमोर सिस्टरवर चाकूने वार केले. त्या तिथेच गेल्या. 41 वर्षांच्या होत्या. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्येच त्यांना धन्य म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं गेलं. तेव्हा लेक आईच्या कडेवर होती.

2025 हे त्या घटनेचं तिसावं वर्ष. आम्ही आदल्या रविवारी गाडी करून गेलो. पळस फुलला होता, सागाची पानं गळून रस्ताभर पसरली होती, शेतात गहू पिवळा पडत आलेला. बायकोने आणि मी आदल्या रात्री ठरवून ठेवलं होतं की मुलांना किती सांगायचं. चाकू सांगायचा, किती वार ते नाही. कुणी चिथावलं ते सांगायचं, कारण मुलांना कळायला हवं की सिस्टर गरिबांच्या बाजूने उभ्या होत्या म्हणून गेल्या. आणि त्यानंतर काय झालं ते तर सांगायचंच.

त्यानंतर काय झालं, तर सिस्टरची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल, त्याही त्याच संघातल्या. 2002 साली त्या इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या खुन्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. 2006 साली तो सुटला. पुढे तो केरळला जाऊन त्या कुटुंबाला भेटला, आणि सिस्टरच्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. ज्या हातांना आपल्या लेकीचं रक्त लागलं होतं, ते हात.

मी हे सिस्टरच्या समाधीजवळ बसून हळू आवाजात सांगितलं. धाकटा बाहेर कुत्र्याच्या पिल्लाकडे पळाला. लेक मात्र बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "त्यांनी सॉरी म्हटल्यावर माफ केलं की आधी?"

मी म्हणालो, "मला वाटतं राखी बांधायला त्या आपणहून गेल्या."

"म्हणजे आधी," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर घाटात ती खिडकीला नाक लावून बसली होती. मी विचारलं काय बघतेस, तर म्हणाली, "काही नाही."

पुढच्या आठवड्यात राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, आला. कपाळावर राख घेऊन ती शाळेत गेली, आणि कुणीतरी "ये क्या लगा लिया?" विचारल्यावर "मैं मिट्टी हूँ" असं सांगून आली. चाळीस दिवसांचा उपवासकाळ मुलांच्या अंगवळणी पाडायचा तर फार काही सोडायला लावू नये, असं माझं मत आहे. धाकट्याने मोबाइलवरची कार्टून सोडली, लेकीने भावाला चिडवणं. त्या वर्षी रंगपंचमी 19 मार्चला आली, आणि 19 मार्च म्हणजे येशूला वाढवणाऱ्या संत योसेफाचा सण. इंदूरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, ज्याने पाहिली आहे त्याला माहीत आहे, राजवाड्याच्या भागात टँकरने रंग उडतो, अख्खं शहर रस्त्यावर असतं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी, त्याही मराठीच, तीन पिढ्या इंदुरात, आदल्या दिवशीच मुलांना विचारून ठेवलं होतं. लेक माझ्याकडे आली, उपवासकाळात रंग चालतो का? मी म्हणालो, आज योसेफाचा सण आहे, तो सुतार होता, त्याच्या अंगावर रोज भुसा असायचा, तुझ्या अंगावर एक दिवस रंग असला तर तो रागावणार नाही. दोघं हिरवी-जांभळी होऊन आली. आजींच्या गणपतीला मोदक आमच्याकडे येतात, नाताळला आमच्याकडची करंजी त्यांच्याकडे जाते. मुलांना मी एवढंच शिकवतो की आपण कुणापुढे हात जोडतो हे आपल्याला पक्कं ठाऊक असावं, मग शेजाऱ्याच्या आनंदात उभं राहायला भीती वाटत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिकडे येतो.

पहिल्या कम्युनियनच्या आधी मुलांचं पहिलं कन्फेशन असतं. हिंदीत पाप-स्वीकार. सिस्टरने त्यांना पाच पायऱ्या शिकवल्या होत्या. आपलं आपण तपासायचं, वाईट वाटू द्यायचं, पुन्हा न करण्याचं ठरवायचं, फादरना सांगायचं आणि दिलेलं प्रायश्चित्त करायचं. तपासण्यासाठी मुलांनी कागदावर लिहून आणलं तरी चालेल असं सांगितलं होतं. एका संध्याकाळी बायको नाइटला गेलेली, लेकीचं दप्तर भरताना गणिताच्या वहीतून घडी केलेला कागद खाली पडला. मी तो उघडायला नको होता. कन्फेशनचा कागद म्हणजे ते मूल आणि देव यांच्यातली गोष्ट, बापाचाही त्यावर हक्क नाही. पण मी उघडला.

पेन्सिलीने लिहिलं होतं. भावाचा खोडरबर लपवला. आजीला फोनवर सांगितलं जेवले, पण जेवले नव्हते. टीचरच्या पाठीमागे तोंड वेडावलं. आणि चौथं, बाकीच्यांपेक्षा बारीक अक्षरात: पप्पा प्रार्थनेत काकांचं नाव घेत नाहीत.

मी कागद तसाच घडी करून वहीत ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ उगाच उघडून उभा राहिलो.

माझा मोठा भाऊ गावी असतो. शेती तोच बघतो, आई त्याच्याजवळ. वडील गेल्यावर विहिरीचं पाणी तळाला गेलं म्हणून बोअर घ्यायची ठरली. मी दोन लाख वीस हजार पाठवले, कर्ज म्हणून, दोन वर्षांत परत करायचं असं तोंडी ठरलं. दोन वर्षं झाली, तिसरं लागलं. मग वडिलांच्या वर्षाच्या मिस्सेला गेलो असताना अंगणात, सगळ्या पाहुण्यांसमोर, आमचं वाजलं. मी म्हणालो, तुझ्या ट्रॅक्टरला पैसे आहेत. तो म्हणाला, तू इंदुरात पंख्याखाली बसतोस, तुला काय कळणार पाणी काय असतं. त्याहून वाईट बोललो दोघंही. ते इथे लिहिणार नाही. त्यानंतर चार वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. आईला फोन करायचो, तोही दुपारी, तो शेतात असेल अशा वेळी.

आणि रोज रात्री मेणबत्तीपुढे मी नावं घ्यायचो. आई, सासू-सासरे, वहिनी, पुतणे, खालच्या आजी, कंपनीतला एक आजारी मित्र. एक नाव गाळून. मला वाटत होतं मुलांना हे कळत नाही. तिला कधीपासून कळत होतं कोण जाणे, आणि इतकं लागलं होतं की तिने ते स्वतःच्या पापांच्या यादीत लिहिलं. बापाचं पाप आपणच फादरना सांगायचं असतं असं तिला वाटलं असेल का? की हे कुणीतरी सांगायलाच हवं, म्हणून?

त्या रात्री मी काहीच बोललो नाही. पुढचे बरेच दिवसही नाही. मिस्सेत एकदा मत्तयच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग वाचला गेला. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, सात नव्हे, सत्तर गुणिले सात. लेकीचे ओठ हलायला लागले. नंतर पोह्याच्या गाडीवर म्हणाली, "चारशे नव्वद होतात पप्पा." एवढंच बोलली आणि जलेबी खायला लागली. तिने मला बोलून दाखवलं असं मला वाटलं, पण कदाचित ती खरंच फक्त गुणाकार सांगत होती.

2025 हे चर्चच्या ज्युबिलीचं, म्हणजे क्षमेचं पवित्र वर्षही होतं. फादरांनी प्रवचनात सांगितलं की जुन्या करारात पन्नासाव्या वर्षी विकली गेलेली जमीन ज्याची त्याला परत मिळायची, आणि पोप फ्रान्सिस यांनी या वर्षासाठी श्रीमंत देशांना गरीब देशांची कर्जं सोडा म्हणून विनंती केली आहे. ऐकताना मला आजोबांचं जुनं बायबल आठवलं. आम्ही आता म्हणतो, आमच्या अपराधांची क्षमा कर. लेक म्हणते, "हमारे अपराध हमें क्षमा कर." पण आजोबांच्या त्या बायबलात ती ओळ अशी आहे: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." ऋण. सरळ पैशाचा, देण्याघेण्याचा शब्द. लहानपणी मला तो शब्द परका वाटायचा. आता बाकावर बसून वाटलं, हा शब्द मला समोर बसवून बोलतोय. आणि उदयनगरच्या सिस्टर आठवल्या. त्यांचं सगळं काम कर्जातून माणसं सोडवण्याचं, आणि त्यांच्या माणसांनी सोडलं ते केवढं मोठं देणं! माझे तर दोन लाख वीस हजार.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या तोंडावर एका शनिवारी संध्याकाळी मुलांचं पहिलं कन्फेशन झालं. पांढऱ्या-निळ्या कपड्यांतली बारा-पंधरा मुलं रांगेत, कुणाच्या हातात कागद, कुणी पुटपुटतंय. लेक आत गेली, दोनेक मिनिटांत बाहेर आली, चेहरा स्वच्छ धुतल्यासारखा. कागद तिने बाहेर येऊन बारीक बारीक फाडला आणि फ्रॉकच्या खिशात ठेवला, रस्त्यावर टाकला नाही. इंदूरची मुलगी.

मुलं झाल्यावर फादर म्हणाले, आईवडिलांपैकी कुणाला यायचं असेल तर मी बसलोय. मी गेलो. किती वर्षांनी, ते मी फादरना सांगितलं, इथे सांगत नाही. मला वाटलं होतं, प्रायश्चित्त म्हणून ते भावाला फोन करायला सांगतील. तसं काही सांगितलं नाही. म्हणाले, स्वर्गीय पित्याची प्रार्थना एकदाच म्हणा, पण सावकाश. मी बाकावर जाऊन म्हटली. आजोबांच्या शब्दांत म्हटली. ऋणापाशी आल्यावर मला पुढे जाता येईना. लेक शेजारी बसून पाय हलवत होती. तिने विचारलं नाही, थांबलात का म्हणून. धाकट्याला मात्र बाहेरची कुल्फीची गाडी दिसली होती, तो माझी बाही ओढत होता, आणि त्या ओढण्यातच मी उरलेली प्रार्थना पूर्ण केली.

त्या रात्री धाकट्याच्या मेणबत्तीचा दिवस होता. नावं घेताना मी नेहमीसारखा आईपासून सुरू झालो, मग म्हणालो, "आणि दादा." खोलीत क्षणभर काही आवाज नव्हता. लेकीने माझ्याकडे पाहिलं नाही, मेणबत्तीकडेच पाहत राहिली. धाकटा अर्धवट झोपेत होता. म्हणाला, "दादा कोण?"

तो पाच वर्षांचा. त्याला कळायला लागल्यापासून मी ते नाव त्याच्यासमोर घेतलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, माझा मोठा भाऊ, ताईचा तू आहेस तसा मी त्याचा. मला सायकल त्याने शिकवली. कॅनॉलवर पोहायला त्यानेच ढकललं. एकदा यात्रेत मी हरवलो तर भजनी मंडळाच्या माइकवरून तो माझं नाव ओरडत होता, रडत रडत. हे सगळं मी मुलांना पहिल्यांदा सांगत होतो. मेणबत्ती वाटीत खाली गेली तरी ती दोघं ऐकत बसली.

दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, मिस्सेनंतर हातात खजुराची झावळी घेऊन मी पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला. "काय रे, बरं आहे ना सगळं? पोरं बरी आहेत ना?" आवाज घाबरलेला. चार वर्षांनी फोन आला म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं त्याला वाटलं असणार. मी म्हणालो, सगळं बरं आहे, पोरीचं पहिलं कम्युनियन आहे मेमध्ये, तुम्ही सगळ्यांनी यायचं. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "कांदा काढायला आलाय रे."

"भाव काय आहे?" मी विचारलं.

त्याने सांगितला. मग खर्च किती आला ते सांगितलं, मजूर मिळत नाही ते सांगितलं. मी ऐकत राहिलो. पैशाचं तो बोलला नाही, मीही नाही. ते मी सोडले होते, आदल्या संध्याकाळीच, पण हे फोनवर सांगून त्याला ओशाळं कशाला करायचं? शेवटी तो म्हणाला, पोरीला दे. लेकीने फोन घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, तुम्ही पप्पाला कॅनॉलमध्ये ढकललं होतं का?" तिकडून हसण्याचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला.

ईस्टर झाला. दुसऱ्याच दिवशी, 21 एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. लेक फार हळवी झाली, कारण आमचं कॅथेड्रलही असिसीच्या संत फ्रान्सिसचं, आणि पोपनी नावही त्याच संताचं घेतलेलं, त्यामुळे ते तिला आपल्या चर्चमधलेच वाटायचे. त्या आठवड्यात तिच्या यादीत ते पहिले होते, कचरागाडीवाल्या अंकलच्याही आधी, कारण भावाची यादी तिने स्वतःच्या यादीत घेतली होती.

कम्युनियनला दादा आला नाही. कांदा पावसाआधी चाळीत भरायचा होता. आईला त्याने शिर्डीहून रात्रीच्या बसमध्ये बसवून दिलं. पहाटे मी तिला घ्यायला गेलो तर बसच्या डिकीतून क्लीनरने एक गोणी बाहेर ओढली. आई म्हणाली, "दादाने दिलीय. घरच्या रानातले आहेत, इंदुरात असले मिळत नाहीत म्हणाला."

मिळतात. मी आईला काही बोललो नाही. गोणी खांद्यावर घेतली, जड होती, आणि सुतळीची गाठ वडील बांधायचे तशीच होती. घरी आल्यावर बायको सुरी आणायला निघाली तर मी म्हणालो, थांब, ही सुटते. लेक आणि मी खाली बसून गाठ सोडवली. धाकट्याने कांदे गॅलरीत एकेक करून पसरले आणि प्रत्येक कांदा ठेवताना म्हणत होता, काकांचा, काकांचा, काकांचा.